८१ चा राग येतो, ८९ चा का येत नाही?

प्रश्न अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहणाऱ्या एका आईचा आहे. मुलगा दुसरीत, जन्म ऑगस्टअखेरचा. शाळेने सगळ्या दुसरीची कॉगॅट ही बुद्धीची चाचणी घेतली, त्यात याचे गुण चांगले आले म्हणून गिफ्टेड प्रोग्रॅमसाठी, म्हणजे विशेष हुशार मुलांच्या वर्गासाठी, पुढची तपासणी झाली, आणि एक दिवस दप्तरातून कागद घरी आला. सगळे आकडे पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली किती मुले याच्या मागे ते: बौद्धिक क्षमता ९७. संपादन (शाळेतल्या अभ्यासाची परीक्षा): वाचन ८६, गणित ८९. सर्जनशीलता ९२. प्रेरणा ८१. खाली एक ओळ: सध्या पात्र नाही. प्रेरणेचा आकडा वर्गशिक्षिकेने भरलेल्या रेटिंग फॉर्मवरून आलेला. आई लिहितात, "परीक्षेत ९७ आणणारा मुलगा बाईंनी दहा मिनिटांत भरलेल्या कागदामुळे बाहेर राहिला. त्याच्या मैत्रिणीला बुद्धीच्या चाचणीत ९१, ती मात्र आत. घरी हा जुन्या डायरीत मार्टाच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, गाड्यांची वेळापत्रके करत तासन्‌तास बसतो आणि बाईंच्या मते याच्यात चिकाटी नाही! हे रेटिंग काढून नुसती परीक्षा का ठेवत नाहीत?"

मी जॉर्जियातल्या सरकारी शाळांत चोवीस वर्षे शिकवते आहे, त्यातली सतरा गिफ्टेडच्या वर्गावर. असे फॉर्म शेकड्यांनी भरले आहेत आणि पात्रता ठरवणाऱ्या बैठकांनाही बसले आहे. त्याआधी तीन वर्षे सांगली जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होते. त्या दिवसांचा इथे काय संबंध, ते पुढे येईलच.

आधी तुमचा कागद नीट वाचू. जॉर्जियात पात्र ठरायच्या दोन वाटा आहेत. पहिली जुनी: बुद्धीच्या चाचणीचा एकूण पर्सेंटाइल अगदी वरचा हवा, पहिली-दुसरीपर्यंत ९९ आणि तिसरीपासून ९६, शिवाय संपादनात ९०. दुसरी वाट १९९० च्या दशकाच्या मध्यात आली. तिच्यात चार निकष आहेत: बौद्धिक क्षमता ९६, संपादन ९०, सर्जनशीलता ९०, प्रेरणा ९०. चारांपैकी तीन जमले की मूल आत. तुमच्या मुलाला बुद्धी आणि सर्जनशीलता हे दोन मिळाले. मैत्रिणीचा बुद्धीचा निकष हुकला पण बाकीचे तीन जमले, म्हणून ती आत. यात कोणाची चूक नाही, नियम तसाच लिहिलेला आहे.

आता हे बघा. तुमच्या मुलाला तिसरा निकष दोन ठिकाणी मिळू शकत होता. बाईंच्या रेटिंगमध्ये तो नऊने हुकला. गणितात तो एकाने हुकला. एका पर्सेंटाइलने! एक-दोन उदाहरणे बरोबर आली असती तर हा प्रश्नच आला नसता. तरी तुमच्या पत्रात त्या ८९ बद्दल अवाक्षर नाही, सगळा राग ८१ वर आहे. मला हे नवीन नाही. बैठकीनंतर भेटायला येणारे दहातले नऊ पालक, त्यात आपले मराठी पालकही आले, असेच बोलतात. छापील परीक्षेतून आलेला आकडा आपण देवाचा कौल मानतो आणि माणसाने दिलेल्या आकड्यात पक्षपात शोधतो. दोन्हींत चूक असते. फक्त चुकीची जात वेगळी.

परीक्षेची चूक कशी असते? शंभर सरासरी आणि पंधरा प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप) असलेली चांगली चाचणी घेतली तरी तिच्या गुणात तीन-चार अंकांची हालचाल गृहीत असते. मुलाची झोप, सर्दी, शेजारी कोण बसले, कुठल्या पानावर कंटाळा आला, या सगळ्यांमुळे तो आकडा डुलतो. ज्या मुलाची खरी कुवत नेमकी रेषेवर आहे, ते मूल निम्म्या वेळा पार होईल आणि निम्म्या वेळा नाही. सात वर्षांच्या पोराच्या बाबतीत ८९ आणि ९० यांत फरक आहे असे मानसशास्त्र म्हणत नाही. नियम म्हणतो, कारण रेषा कुठेतरी ओढावी लागते. तुमचा ९७ सुद्धा असाच डुलणारा आहे, हेही मान्य करा. तो पुढच्या महिन्यात ९४ येऊ शकतो. तेव्हा तुम्ही परीक्षेला दोष द्याल की मुलाला?

शिक्षकाच्या रेटिंगची चूक अशी दोन्हीकडे सारखी डुलत नाही. ती बहुतेक वेळा एकाच बाजूला कलते. म्हणून ती जास्त धोक्याची, आणि म्हणून तुमच्या शंकेत तथ्य आहे. ही चूक आतून कशी दिसते ते सांगते, कारण ती मी स्वतः केली आहे.

साल २०१०. वर्गात बावीस मुले, ऑक्टोबरचा शेवट, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत फॉर्म द्यायचे. प्रत्येक मुलाचा एक कागद. डावीकडे वाक्ये: हाती घेतलेले काम पुरे केल्याशिवाय सोडत नाही, कोणी न सांगता कामाला लागते, आवडीच्या विषयात बुडून जाते, अशा धर्तीची. उजवीकडे 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत रकाने. मी कॉफी घेऊन बसले आणि एकेक मूल उरकत गेले. तिसरीतली एक कृष्णवर्णीय मुलगी होती. बस उशिरा यायची म्हणून ती रोज पहिल्या तासाला अर्धी हुकायची. धाकट्या भावाला सांभाळायची, त्यामुळे गृहपाठ आठवड्यातून दोनदाच यायचा. तिच्या कागदावर पहिल्या ओळीला मी 'क्वचित' वर खूण केली. दुसऱ्या ओळीला हात आपोआप तिथेच गेला. तिसऱ्यालाही. तो कागद भरायला मला दोन मिनिटे लागली नसतील.

त्या वर्षी शाळाशाळांत रबरी कड्यांचे वेड होते. प्राण्यांच्या आकाराच्या रंगीत कड्या, मुले हातात कोपरापर्यंत घालायची आणि त्यांची अदलाबदल करायची. आमच्या शाळेने मार्चमध्ये त्यांवर बंदी घातली. मी त्या गोळा करत होते तेव्हा या मुलीने आपली गणिताची वही पुढे केली आणि म्हणाली, "मग माझी उधारी कोण फेडणार?" वहीच्या मागच्या चार पानांवर वर्गातल्या सगळ्या सौद्यांची नोंद होती. एका डायनासोरला तीन साध्या, अंधारात चमकणाऱ्या एकाला दोन डायनासोर. ज्याच्याकडे सुट्टे नाहीत त्याच्या नावावर बाकी, आणि कोणता प्रकार वर्गात वाढला की त्याचा भाव उतरवलेला. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत एक दिवस खंड नव्हता. हातातले काम न सोडण्याचे याहून चांगले उदाहरण मी त्या वर्षी पाहिले नव्हते, आणि फॉर्मवर माझ्या हाताने 'क्वचित' लिहिलेले होते. मी समन्वयक बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, या वर्षीची मुदत संपली. जूनमध्ये ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले.

या कलण्याला संशोधनात भरपूर आधार आहे. जेसन ग्रिसम आणि क्रिस्टोफर रेडिंग या संशोधकांनी २०१६ मध्ये देशभरातल्या मुलांची आकडेवारी तपासली. वाचन-गणिताचे गुण सारखे असूनही कृष्णवर्णीय मुले गिफ्टेडमध्ये कमी जातात, आणि वर्गशिक्षक कृष्णवर्णीय असेल तर हा फरक बराच कमी होतो, असे त्यांना दिसले. यासाठी शिक्षक वंशद्वेष्टे असावे लागतात असे नाही. मी होते असे मला वाटत नाही. 'हुशार मूल' म्हटले की डोळ्यांसमोर जे चित्र येते, त्यात न बसणारे मूल नजरेतून निसटते, एवढेच पुरते.

आपल्या मुलांचेही असे निसटणे असते, वेगळ्या तऱ्हेने. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, बाईंना उलट विचारू नये, ही शिकवण घरून घेऊन आलेले मूल वर्गात गप्प बसते. रेटिंगमध्ये 'स्वतःहून प्रश्न विचारते' या ओळीला त्याला काही मिळत नाही. तरी आशियाई मुले गिफ्टेडच्या वर्गांत आपल्या संख्येपेक्षा जास्तच असतात, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा या गाऱ्हाण्यात आपला नंबर पहिला नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला सगळ्यात मोठा संशय त्याच्या जन्मतारखेवर आहे. इथे किंडरगार्टनला १ सप्टेंबरला पाच वर्षे पूर्ण लागतात. ऑगस्टअखेरचे मूल वर्गात सगळ्यात लहान. कॉगॅटचा पर्सेंटाइल वयावर काढतात, म्हणजे त्याची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी होते. पण बाई त्याची तुलना कोणाशी करतात? शेजारच्या बाकावर बसलेल्या, सप्टेंबरात जन्मलेल्या, जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलाशी. सात वर्षांच्या वयात एक वर्ष म्हणजे केवढे अंतर! बूट बांधणे, एका जागी बसणे, पान पुरे करणे, सगळ्यात ते दिसते. बाईंना 'चिकाटी कमी' वाटली ती कदाचित अकरा महिने कमी असतील. परीक्षा हा फरक दुरुस्त करते, डोळा करत नाही.

इतके सगळे खरे, तर मग रेटिंग काढूनच का टाकू नये?

कारण नुसत्या परीक्षेचे प्रयोगही झाले आहेत. न्यू यॉर्क शहराने २००८ पासून चार वर्षांच्या मुलांना एकच सामाईक परीक्षा आणि शहरभर एकच रेषा लावली. हेतू चांगला होता: वशिला नको, ओळख नको, सगळ्यांना एक माप. झाले काय, तर चार वर्षांच्या पोरांसाठी शिकवण्या निघाल्या, सरावाची पुस्तके निघाली, आणि ज्या वस्त्यांत पालकांना परीक्षेचा अर्ज कधी भरायचा हेच ठाऊक नव्हते तिथून मुले बसलीच नाहीत. २०२१ च्या जानेवारीत शहराच्या शिक्षण मंडळाने त्या परीक्षेचा करार मतदानाने नाकारला, आणि त्यानंतर बालवाडीच्या शिक्षकांच्या शिफारशीवर गाडी आली. म्हणजे एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला. तुम्ही जे मागता आहात ते न्यू यॉर्कने करून पाहिले आणि सोडले.

परीक्षा फसते ती वरच्या टोकालाही. १९२१ मध्ये स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातली असामान्य मुले शोधायला सुरुवात केली. आधी शिक्षकांनी वर्गातली हुशार मुले सुचवायची, मग त्यांची बुद्धिचाचणी. दीड हजारांवर मुले निवडली आणि त्यांचा आयुष्यभर पाठपुरावा झाला. त्या मुलांपैकी कोणाला नोबेल मिळाले नाही. चाचणी देऊन रेषेखाली राहिलेल्या दोघांना मात्र मिळाले: विल्यम शॉकली यांना १९५६ मध्ये आणि लुईस अल्वारेझ यांना १९६८ मध्ये, दोघांना भौतिकशास्त्राचे. गंमत म्हणजे ज्या मापाने त्यांना बाहेर ठेवले त्याच बुद्ध्यंकावरून माणसांच्या वंशांची प्रतवारी लावण्यात शॉकलींनी आपले उत्तरायुष्य घालवले.

आता मुद्द्यावर येते. परीक्षा चांगली की शिक्षक, हा वाद मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. शिक्षकाचे मत कुठे लावले आहे, हे मी आधी बघते. ते चार खिडक्यांपैकी एक असेल तर उजेड वाढतो. ते पहिलेच दार असेल तर अंधार.

हिशोब करून बघू. समजा खरोखर लायक अशी १०० मुले आहेत आणि कोणताही एक निकष पार करायची शक्यता अशा मुलाला ८० टक्के आहे. निकष एकमेकांपासून स्वतंत्र धरू. प्रत्यक्षात तसे ते नसतात, पण अंदाज येतो. तीनच निकष आणि तिन्ही सक्तीचे, असा नियम केला तर ५१ मुले आत जातील. चारांपैकी कोणतेही तीन, असा केला तर ८२. माप तेच, मुले तीच, फक्त जोडणी बदलली आणि एकतीस मुले जास्त आली. आता याच चारांपैकी तीनच्या पुढे एक दार लावा: शिक्षकाने नाव सुचवले तरच तपासणी. शिक्षक दहातली सहा लायक मुले ओळखतो असे धरले, तर ८२ ची ४९ होतात. आणि ती गळालेली तेहेतीस मुले कोणाच्या कागदावर येतच नाहीत. त्यांच्या आईला ८१ चा कागदही मिळत नाही, की ती रागावून कोणाला विचारील.

हे मला अमेरिकेत कोणी शिकवावे लागले नाही. सांगलीकडच्या त्या शाळेत चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा असायची. परीक्षा राज्यभर एकच, पेपर तपासणारे तिऱ्हाईत, पक्षपाताला जागा नाही. पण दिवाळीनंतर जादा तासांना कोणाला बसवायचे ते गुरुजी ठरवायचे. आम्ही पटावर नजर टाकायचो आणि दहा नावे काढायचो. अक्षर चांगले, दप्तर नीट, वडील ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाऊन फेब्रुवारीत परत येणारी पोरे त्या दहांत कधी नसायची. परीक्षा न्याय्य होतीच. तिच्या दारात मी उभी होते.

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) नेमके हे दार काढून पाहिले. तिथे आधी पालकांनी किंवा शिक्षकांनी सुचवलेल्या मुलांचीच बुद्ध्यंक चाचणी व्हायची. २००५ मध्ये त्यांनी दुसरीतल्या प्रत्येक मुलाला शब्दांशिवायची, नुसत्या आकृत्यांची नॅगलिएरी चाचणी द्यायला सुरुवात केली. तिच्यात १३० च्या वर आलेल्यांना, आणि गरीब किंवा इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांपैकी ११५ च्या वर आलेल्यांना, मानसशास्त्रज्ञांकडे पाठवायचे. आत जाण्यासाठी लागणारा बुद्ध्यंक बदलला नाही. तरीही कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, गरीब घरांतल्या मुलांचे आणि मुलींचे प्रमाण चांगलेच वाढले. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जिउलियानो या अर्थशास्त्रज्ञांचा याबद्दलचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. (कार्ड यांना पुढे २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते वेगळ्या कामासाठी.) जी मुले नव्याने सापडली ती आधीही वर्गातच बसत होती. मग काउंटीचा पैसा आटला, सगळ्यांची चाचणी बंद पडली, आणि जुनी दरी पुन्हा दिसू लागली.

तुमच्या मुलाच्या शाळेत हे दार उघडे होते. सगळ्या दुसरीची कॉगॅट झाली म्हणूनच त्याचा ९७ कळला. बाईंचे रेटिंग त्याच्यासाठी दार नव्हते, चौथी खिडकी होती, आणि त्या खिडकीतून तो नीट दिसला नाही. अन्याय म्हणाल तर हा लहान अन्याय आहे. लहान आहे म्हणून मुकाट्याने सोसावा, असे मी म्हणत नाही.

खिडकी कशी पुसायची, हेही थोडे सांगते, कारण तुमच्या शाळेत शिक्षकांना याचे प्रशिक्षण मिळते का हे तुम्हाला विचारता येईल. २०१० नंतर मी फॉर्म मुलामुलाने भरणे सोडले. एक ओळ घ्यायची आणि त्या ओळीवर बावीसही मुलांना खूण करायची, मग दुसरी ओळ. असे केले की एका मुलाबद्दलचे पहिले मत पुढच्या ओळींवर सांडत नाही. प्रत्येक टोकाच्या खुणेसमोर एक प्रसंग लिहायचा. आठवला नाही तर ती खूण टोकाला करायची नाही. आणि फॉर्मच्या आधी सगळ्या वर्गाला एकदम एखादे बिनउत्तराचे काम द्यायचे. मी एकदा बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ आणि स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि पाऊण तास काही बोलले नाही. त्या दिवशी जे दिसले ते दोन महिन्यांच्या वर्कशीटांत दिसले नव्हते.

ही कल्पना माझी नाही. जॉर्जिया विद्यापीठातल्या मेरी फ्रेझर यांनी गिफ्टेडपणाच्या दहा खुणांची यादी केली होती, इथल्या बऱ्याच शाळा निरीक्षणासाठी ती वापरतात. त्यात तर्क, स्मरण, कल्पकता तर आहेतच, पण विनोदबुद्धीही आहे. माझ्या अनुभवात ज्या मुलाचा विनोद मोठ्या माणसाला दोन सेकंदांनी कळतो, त्याचे नाव मी लगेच लिहून ठेवते.

सर्जनशीलतेच्या बाबतीत तुमची शाळा बरी म्हणायची. ९२ हा आकडा, तुमच्या कागदावरच्या नावावरून, टॉरन्स यांच्या चित्रचाचणीचा दिसतो; कागदावरच्या अर्धवट रेघांची मुले चित्रे करतात ती. टॉरन्स जॉर्जियाचेच, आणि याच विद्यापीठात शिकवत. ही चाचणी झाली म्हणूनच शाळेला प्रेरणेसाठी रेटिंग वापरता आले. सर्जनशीलता आणि प्रेरणा, दोन्ही रेटिंगनेच ठरवायला इथला नियम मनाई करतो. एकाच माणसाच्या मताने दोन निकष हलू नयेत, हा त्यामागचा विचार, आणि मला तो फार शहाणपणाचा वाटतो.

आता तुम्ही काय करावे. यातले बरेचसे तुमच्या काउंटीवर अवलंबून आहे. राज्याचा नियम एक असला तरी कोणती रेटिंग पट्टी वापरायची, फेरतपासणी किती दिवसांनी, दुसऱ्या शिक्षकाचे मत घ्यायचे की नाही, हे स्थानिक ठरते. म्हणून आधी समन्वयकांना भेटा आणि शांतपणे चार गोष्टी विचारा. फॉर्म कोणी भरला आणि त्या शिक्षिका मुलाला किती आठवडे ओळखत होत्या? ऑगस्टमध्ये शाळा सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये भरला असेल तर दहा-बारा आठवडे. तेवढ्यात मी अजूनही चुकते. संगीताच्या किंवा चित्रकलेच्या शिक्षकांकडून दुसरा फॉर्म घेता येतो का? संपादनाची परीक्षा पुन्हा कधी आहे? आणि संपादनासाठी किंवा प्रेरणेसाठी मुलाने केलेले काम तपासण्याची सोय शाळा देते का? नियमात तशी वाट आहे: तीन किंवा अधिक जाणकार परीक्षक एखादे काम तपासतात, शंभरपैकी नव्वद मिळाले की निकष पुरा. सगळ्या शाळा ती वापरत नाहीत, पण विचारल्याशिवाय कोणी सांगतही नाही.

खासगी मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन पाच-सातशे डॉलर घालवू नका. बाहेरचा अहवाल शाळा विचारात घेऊ शकते, शाळेच्या स्वतःच्या मोजणीच्या जागी तो चालत नाही. शिवाय तुमच्या मुलाचा बुद्धीचा निकष आधीच पुरा आहे. तिथे बुद्ध्यंक १३५ आला काय आणि १४५ काय, तिसरा निकष तसाच राहणार. कॉगॅटची सरावपुस्तकेही याच कारणाने निरुपयोगी. आपल्या मंडळाच्या गणपतीत ही पुस्तके एका घरातून दुसऱ्या घरात फिरताना मी पाहिली आहेत, कव्हर फाटेपर्यंत. गणिताचा ८९ वर न्यायचा असेल तर त्याला आवडेल असे गणित त्याच्यासमोर ठेवा. त्याला गाड्यांची वेळापत्रके आवडतात म्हणता, तर ते गणितच आहे.

बाईंशी बोलताना ८१ चा विषय पहिल्या वाक्यात काढू नका. इथल्या शिक्षकांच्या खोलीत 'ते पालक' म्हणून एकदा नाव पडले की पुढच्या तीन वर्षांच्या शिक्षकांना ते आधीच कळते. हे बरोबर नाही, पण असे होते. त्याऐवजी त्या वर्गात त्याला काय करताना बघतात ते विचारा आणि घरी तो काय करतो ते सांगा. तो वर्गात पान अर्धवट सोडतो का? सोडत असेल तर कोणते? येत असलेलेच पुन्हा पुन्हा करायला लावलेले, की न येणारे? मला वाटते तिथे तुमच्या दोघींच्या माहितीची गाठ पडेल. आणि निर्णय बदलला नाही तरी गणितापुरते त्याला वरच्या गटात बसवा, अशी मागणी तुम्ही आजही करू शकता. त्यासाठी गिफ्टेडचा शिक्का लागत नाही. गिफ्टेडचा वर्ग म्हणजे आठवड्यात किमान पाच तासिका; मूल उरलेला सगळा आठवडा आपल्या नेहमीच्या वर्गातच असते, हे पालक विसरतात.

आणि ती डायरी. घरी केलेले काम परीक्षकांपुढे जसेच्या तसे चालेल की नाही हे तुमची शाळा सांगेल. पण बाईंनी ती पाहिलेली नाही, एवढे तुमच्या पत्रावरून नक्की दिसते. त्याच्याच हातात देऊन पाठवा, आणि तिच्यात विमानतळाची गाडी रविवारी उशिरा का येते ते बाईंना समजावून सांगायला त्यालाच सांगा.